तिऱ्हाइताचा माल : राउटरच्या स्मृतीचा इतिहास



वसंत व्याख्यानमाला म्हटली की न्यायमूर्ती रानड्यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८७५ साली पुण्यात त्यांनी ही प्रथा सुरू केली आणि तेव्हापासून उन्हाळ्याच्या दिवसांत, संध्याकाळच्या वाऱ्याला, महाराष्ट्रातील माणसे चार शहाण्या गोष्टी ऐकावयास एकत्र बसत आली आहेत. या व्यासपीठावर पंडितांनी बोलावे अशी रीत आहे. आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा बोलण्यात कुठे शास्त्र उणे पडले तर आपण सांभाळून घ्यावे, एवढी प्रार्थना करून विषयास हात घालतो.

विषय आहे राउटर नावाच्या यंत्राच्या स्मृतीचा. हा विषय येथे कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु आपल्या ऐरोलीचेच पाहा. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांस रसायनांचे व यंत्रांचे कारखाने उभे राहिले. १९७० साली सिडको आली. आगरी-कोळ्यांची भातशेते आणि मिठागरे जाऊन सेक्टर आले. २००४ साली ठाणे-वाशी रेल्वे सुरू होऊन आपल्याला स्टेशन मिळाले. आज त्याच पट्ट्यात धुरांडी कमी आणि काचेच्या इमारती जास्त दिसतात. त्या इमारतींत रात्रंदिवस थंड हवेत ठेवलेली यंत्रे आहेत, आणि ती यंत्रे सांभाळणारी आपलीच मुले आहेत, बहुतेक कंत्राटावर. पूर्वी आम्ही भट्टीवरच्या कामगाराची तक्रार ऐकत असू. आता या मुलांची ऐकतो. तिच्यातूनच हा विषय आमच्या पदरी आला.

प्रथम राउटर म्हणजे काय ते सांगतो. रेल्वेच्या डाकगाडीत पत्रांची वर्गवारी करणारे सॉर्टर आपल्यापैकी वयस्क मंडळींनी पाहिले असतील. समोर खणांची मोठी मांडणी, हातात पत्रांचा गठ्ठा. पत्त्यावर नुसती नजर टाकायची आणि पत्र नेमक्या खणात टाकायचे. कोणते गाव कोणत्या लाइनीवर आहे, हे त्या माणसाच्या डोक्यात पाठ असे. राउटर हा इंटरनेटचा सॉर्टर होय. निरोपाचे लहान लहान तुकडे त्याच्याकडे येतात. प्रत्येकावरचा पत्ता पाहून तो त्यांना पुढच्या वाटेला लावतो. आणि कोणता पत्ता कोणत्या वाटेवर, याची जी यादी सॉर्टर डोक्यात ठेवी, ती राउटर आपल्या स्मृतीत, म्हणजे मेमरीत ठेवतो.

आता गंमत अशी की ही यादी वाढत राहते. २००१ सालच्या सुमारास साऱ्या जगाच्या वाटांची ही यादी लाखाच्या घरात होती. २०१४ साली ती पाच लाखांपलीकडे गेली. आज ती दहा लाखांच्या आसपास आहे. यंत्राचा सांगाडा धडधाकट असतो, पंखे फिरत असतात, तारा शाबूत असतात, पण डोके अपुरे पडते. अशा वेळी नवे यंत्र घेण्याऐवजी मेमरीची मोठी पट्टी आत बसविणे स्वस्त पडते. ती पट्टी दोन ठिकाणी मिळते. एक, ज्या कंपनीचा राउटर तिच्याकडे. दुसरी, बाजारात, तिऱ्हाइताकडे. तिऱ्हाइताची किंमत पुष्कळच कमी. मूळ कंपनी म्हणते, आमचीच घ्या, नाहीतर यंत्राचे काही झाल्यास आम्हास विचारू नका. गिऱ्हाइकाने कोणाचे ऐकावे? हा प्रश्न दिसावयास बारीक आहे. पण विकून पैसे घेतलेल्या यंत्रावर विकणाऱ्याचा हक्क किती दिवस चालावा, हा जुना आणि मोठा वाद त्याच्या पोटात आहे.

तो वाद आम्ही लहानपणी घरात ऐकला. आमचे वडील परळच्या एका गिरणीत फिटर होते. गिरणीतील यंत्रे विलायतेहून, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून आलेली. लोखंडी सांगाड्यावर त्या कंपनीचे नाव ओतलेले असे. परंतु त्या सांगाड्याच्या आत किती भाग ओल्डहॅमचे उरले होते, असे वडिलांना विचारले तर ते हसत. लढाईच्या काळात बोटी येईनात, तेव्हा मुंबईतल्याच लहान लहान कारखान्यांनी चक्रे ओतली आणि धोटे तासले. काही भाग विलायतीपेक्षा अधिक टिकले, काही आठवड्यात मोडले. बदली भाग हाताला कसा लागतो, कडेला घासतो की नाही, हे फिटर बोटांनी ओळखे. १९८२च्या संपानंतर वडील गिरणीतून बाहेर पडले आणि आमचे कुटुंब खाडीच्या या बाजूस आले. तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. बोटांची ती विद्या वडील बरोबर घेऊन आले. पण तिला येथे गिऱ्हाईक मिळाले नाही.

हिशेबाच्या यंत्रांच्या जगात या वादाचा पहिला मोठा निकाल लागला तो १९३६ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात. आय.बी.एम. कंपनी त्या वेळी भोके पाडलेल्या कार्डांवर चालणारी गणनयंत्रे भाड्याने देत असे, आणि भाडेपट्ट्यात अट घालीत असे की कार्डे आमचीच वापरली पाहिजेत. सरकारने खटला भरला. कंपनीचे म्हणणे असे की, कार्डाची जाडी, आकार वा कागद यांत जराही फरक झाला तर यंत्र चुकेल आणि आमचे नाव खराब होईल. न्यायालयाने ते मानले नाही. कारण दुसऱ्या कारखान्यांनाही तसलीच कार्डे करता येतात हे पुढे आले. शिवाय खुद्द अमेरिकन सरकारला पंधरा टक्के जास्त भाडे भरून स्वतःची कार्डे वापरण्याची मुभा कंपनीनेच दिलेली होती! जादा भाडे भरले की परके कार्ड यंत्राला चालते, आणि न भरले की यंत्र बिघडते, असे तर होणार नाही. श्रोतेहो, पुढच्या नव्वद वर्षांत यंत्रे बदलली, पण दोन्ही पक्षांचे युक्तिवाद फारसे बदलले नाहीत.

आता मुंबईकडे येऊ. आपल्या देशात पहिली संगणकयंत्रे जी आली ती बहुधा भाड्याने आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मात्र मुंबईतच आपल्या हाताने एक यंत्र बांधले. १९६० साली ते चालू झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. त्याची स्मृती लोहचुंबकी मण्यांची होती आणि तीत २०४८ शब्द मावत. ही विद्या मुंबईत होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. परंतु कचेऱ्यांतून पसरली ती आय.बी.एम.ची १४०१ जातीची यंत्रे. परदेशात वापरून झालेली ही यंत्रे कंपनी येथे मुंबईच्या कारखान्यात दुरुस्त करी आणि भाड्याने लावी. यंत्र तिचे, सुटे भाग तिचे, दुरुस्ती करणारा माणूस तिचा. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ साली या व्यवहारावर कडक टीका केली.

या काळात आमच्या चळवळीची भूमिका काय होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हणताच कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत कर्मचाऱ्यांनी मोठे आंदोलन केले. नोकऱ्या जातील ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. केंद्र सरकारने प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली; तिचा अहवाल १९७२ साली आला. पण त्या सगळ्या गदारोळात आम्ही एवढाच प्रश्न विचारला की यंत्र यावे की येऊ नये. यंत्र आल्यावर ते उघडण्याचा अधिकार कोणाला, त्यात भाग कोणाचा बसणार, आणि बिघडले तर जाब कोणी द्यावयाचा, हे प्रश्न आम्ही विचारले नाहीत. ते विचारले असते तर पुढच्या पिढीचे काही काम हलके झाले असते.

इतिहासाने ते प्रश्न आपणहून पुढे आणले. १९७३च्या परकी चलन कायद्यान्वये परदेशी कंपन्यांनी आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा, असे सरकारने सांगितले. आय.बी.एम.ने ते नाकारले आणि १९७८ साली ती देश सोडून गेली. यंत्रे मात्र येथेच राहिली. ती आता कोण चालविणार? सरकारने १९७५ साली 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन', म्हणजे सी.एम.सी., ही संस्था स्थापन केली होती. तिने ती यंत्रे सांभाळावयास घेतली. आय.बी.एम.मधील बरेचसे तंत्रज्ञही तिच्याकडे आले. तेव्हा, बंधुभगिनींनो, आपल्या देशात तिऱ्हाइताने यंत्र सांभाळण्याची रीत कोणाच्या कंजूषपणातून निघाली नाही. मूळ मालक निघून गेला आणि काम तर थांबवता येत नव्हते, अशा गरजेतून ती निघाली. आणि मालक गेल्यावर यंत्रे बंद पडली नाहीत.

तिकडे अमेरिकेत एक वेगळीच गोष्ट घडत होती. १९६६ साली रॉबर्ट डेनार्ड या आय.बी.एम.च्याच शास्त्रज्ञाने एका लहानशा सिलिकॉनच्या तुकड्यावर स्मृती साठविण्याची युक्ती काढली, आणि १९७० साली इंटेल कंपनीने तशी चिप बाजारात आणली. तीत १०२४ खुणा राहत. मण्यांची स्मृती विणावी लागे. ही छापल्यासारखी निघे. त्यामुळे स्मृती हा यंत्रापासून वेगळा, सुटा विकण्याजोगा माल झाला. आय.बी.एम.च्या मोठ्या यंत्रांना जोडता येतील अशा स्मृतिपेट्या अनेक लहान कंपन्या स्वस्तात विकू लागल्या. आय.बी.एम.ने भाव आणि अटी बदलून त्यांना कोंडीत धरले, असा आरोप झाला. टेलेक्स नावाच्या कंपनीने खटला भरला. १९७३ साली खालच्या न्यायालयाने तिच्या बाजूने प्रचंड रकमेचा निकाल दिला. १९७५ साली वरच्या न्यायालयाने तो फिरवला. न्याय काही सरळ रेषेत चालत नाही, हे आम्हा युनियनवाल्यांस नवे नाही. पण युरोपात हा वाद १९८४ साली तडजोडीने मिटला. मुख्य स्मृती यंत्राबरोबर गळ्यात मारावयाची नाही. ज्याला हवे त्याला स्मृतीवाचून किंवा अगदी थोड्या स्मृतीनिशी यंत्र द्यावयाचे, असे आय.बी.एम.ने युरोपीय आयोगाला लिहून दिले.

त्याच १९८४ साली कॅलिफोर्नियात लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने सिस्को कंपनी काढली आणि राउटरचा धंदा जन्मास आला. १९८७ साली जॉन टू आणि डेव्हिड सन या दोघांनी तेथेच किंग्स्टन ही कंपनी काढली. तिचा धंदा म्हणजे चिपा विकत घेऊन त्यांच्या पट्ट्या बनविणे आणि त्या दुसऱ्यांच्या यंत्रांत बसतील अशा विकणे. मूळ मालक आणि तिऱ्हाईत हे दोघे असे जवळजवळ एकाच वेळी, एकाच प्रांतात वाढले.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. राउटर बनविणारी कंपनी सहसा मेमरीच्या चिपा स्वतः बनवीत नाही. त्या जगातील मोजक्या कारखान्यांतून येतात. राउटरची कंपनी त्या विकत घेते, तपासते, आणि आपले लेबल लावून विकते. तिऱ्हाईतही त्याच कारखान्यांतून चिपा घेतो. हे शक्य झाले ते मापांमुळे. जेडेक नावाची धंदेवाल्यांची एक संस्था आहे. पट्टीला किती पाय असावेत, कोणत्या पायावर कोणता प्रवाह असावा, वेग किती, हे ती ठरविते आणि सर्वांस खुले करते. नटबोल्टाचे आटे जसे ठरलेले असतात म्हणून कोणाचाही नट कोणाच्याही बोल्टाला बसतो, तसेच हे. १९९०च्या दशकात सिस्कोचा २५०० जातीचा राउटर फार खपला. त्यात मेमरीच्या पट्टीला एकच खाच होती आणि जास्तीत जास्त १६ मेगाबाइटची पट्टी बसे. आज मुलाच्या खेळण्यातही याहून अधिक मेमरी सापडेल. पण त्या दिवसांत चारऐवजी सोळाची पट्टी बसविली म्हणजे त्याच यंत्राची उमर काही वर्षांनी वाढे.

आपल्याकडे इंटरनेटचा पाया १९८६ साली 'एर्नेट' या सरकारी प्रकल्पाने घातला. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय.आय.टी. त्यात होत्या. सर्वसामान्यांस ते मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. आणि १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना हा धंदा खुला झाला. लहान लहान कंपन्या निघाल्या. भांडवल थोडे, गिऱ्हाइके वाढती आणि राउटरचे डोके अपुरे! मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची वाट धरावी लागे. त्या रस्त्याने आमच्या मुलांना एक मोलाचा शब्दभेद शिकविला. 'ओरिजिनल' म्हणजे मूळ कंपनीचा माल. 'कम्पॅटिबल' म्हणजे दुसऱ्याने स्वतःच्या नावाने केलेला, पण मापात बसणारा माल. आणि 'डुप्लिकेट' म्हणजे मूळ कंपनीचे खोटे लेबल लावलेला माल. दुसरा व्यापार आहे, तिसरी चोरी आहे. मूळ कंपन्यांच्या बोलण्यात हे दोन्ही पुष्कळदा एका पोत्यात भरले जातात, आणि बाजारातले लबाड दुकानदारही नेमके तेच करतात.

मूळ कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पट्टी खाचेत बसली म्हणजे चालली असे नाही. चिपचा वेग कमी पडला, चुका पकडण्याची जादा खूण तीत नसली, किंवा पायांचा धातू खाचेशी जुळणारा नसला, तर यंत्र आज चालेल आणि तीन महिन्यांनी रात्री दोन वाजता दगा देईल. कंपनीने शेकडो पट्ट्या तासन्‌तास तापवून पाहिलेल्या असतात. त्या तपासणीची किंमत तिने लावावी हे वाजवी आहे. सिस्कोचे जाहीर धोरणही सरसकट बहिष्काराचे नाही. परका भाग बसविला एवढ्यानेच हमी रद्द होत नाही. मात्र बिघाड त्या भागामुळे झाला असे दिसले तर कंपनी मदत नाकारू शकते. आमच्या मते हे तत्त्व म्हणून बरोबर आहे. खरी मेख पुढे आहे. बिघाड कशामुळे झाला हे ठरविणार कोण? आरोप करणारा तोच, पंचही तोच, अशी स्थिती झाली की तत्त्व कागदावर राहते.

शिवाय माप खुले असूनही दार बंद करता येते. राउटरला काचतंतूची तार जोडणारा एक लहान भाग असतो. त्याचे माप अनेक कंपन्यांनी मिळून ठरविलेले आहे. तरीही काही यंत्रे त्या भागात कोरलेले बनविणाऱ्याचे नाव वाचतात आणि नाव परके दिसले की तो भाग चालवीत नाहीत. गमतीची गोष्ट अशी की सिस्कोच्या यंत्रांत ही अडचण दूर करणारी एक आज्ञाही होती. पण ती नेहमीच्या माहितीपुस्तकात दिलेली नसे. जाणकारांनी ती एकमेकांना सांगितली. १९३६च्या कार्डांची आणि पंधरा टक्के भाड्याची येथे आठवण होते.

आपल्या देशातही या प्रश्नाची दखल घेतली गेली, पण ती मोटारींच्या निमित्ताने. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकांना खुल्या बाजारात मिळू न देणे, आणि बाहेर दुरुस्ती केल्यास हमी नाकारणे, हे त्यांचे दोष. कंपन्या अपिलात गेल्या. पण रस्त्याकडेच्या मेकॅनिकलाही यंत्रावर काही हक्क आहे, हे त्या आदेशाने कागदावर आले.

नेमका तोच ऑगस्ट २०१४ राउटरवाल्यांनाही ध्यानात राहिला. त्या महिन्याच्या १२ तारखेला जगाच्या वाटांची यादी ५,१२,००० च्या वर गेली, आणि तेवढ्याच नोंदींची सोय असलेले जुने राउटर ठिकठिकाणी अडखळले. अनेकांनी घाईने मेमरीच्या पट्ट्या शोधल्या. पण या वेळी पट्टीचा उपयोग नव्हता. जी स्मृती अपुरी पडली होती ती एका खास जातीची, यंत्रातच कायमची जडविलेली होती. तिची आतली वाटणी बदलून यंत्र पुन्हा चालू करावे लागले. दुखणे कोठे आहे हे न पाहता औषध आणू नये, हा वैद्याचा नियम येथेही लागू आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप मांडला ती सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची ही हकीगत आहे. या पट्ट्यातल्याच एका कचेरीत कंत्राटावर काम करणारा एक मुलगा आमच्याकडे आला. कचेरीचे नाव आणि राउटर कोणत्या कंपनीचा हे सांगण्याचे प्रयोजन नाही. यंत्राला मेमरी वाढवावयाची होती. वरच्या साहेबांनी बाजारातून चार कम्पॅटिबल पट्ट्या मागविल्या आणि एका रात्री मुलाने त्या चार यंत्रांत बसविल्या. तीन आठवडे सुरळीत गेले. पुढे एक यंत्र मधूनच बंद होऊन आपोआप चालू होऊ लागले, आणि बाहेरगावच्या कचेऱ्यांचे काम थांबू लागले. मूळ कंपनीला फोन केला. ती म्हणाली, आधी परकी पट्टी काढा, मग बोलू. साहेबांनी मुलाला बोलावले आणि खराब माल लावल्याचा ठपका ठेवला. कंत्राटदाराने दोन महिन्यांचा पगार अडकवला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले.

आम्ही उसळलो. दरवाज्यावर सभा घेतली. पट्टी उत्तम आहे, कंपनी आपला महाग माल खपविण्यासाठी खोटे बोलते आहे, असे आम्ही त्या सभेत ठासून सांगितले. टाळ्याही पडल्या. सभा संपल्यावर तो मुलगा हळूच म्हणाला, काका, एकदा तपासून तर पाहू या. आम्हाला ते रुचले नाही. पण त्याचे ऐकले. खूप ओढाताण करून व्यवस्थापनाकडून तपासणीची परवानगी मिळविली. संशयित पट्टी काढून दुसऱ्या चांगल्या यंत्रात घातली. दोन दिवस काही झाले नाही. तिसऱ्या रात्री ते यंत्रही तसेच बंद पडले, आणि पडद्यावर स्मृतीतील चुकीची तीच नोंद उमटली. पट्टी खराब होती, श्रोतेहो. कंपनी खरे बोलली होती आणि आम्ही दरवाज्यावर खोटे बोललो होतो. राहिलेल्या तीन पट्ट्या मात्र पुढे कित्येक वर्षे बिनतक्रार चालल्या. म्हणजे तिऱ्हाइताचा माल सगळा वाईट, हेही खोटेच ठरले.

मग आम्ही कागद मागितले. पट्टी निवडली कोणी? साहेबांनी. पावतीवर सही कोणाची? साहेबांची. बसविण्यापूर्वी एखाद्या मोकळ्या यंत्रात दोन-तीन दिवस चालवून पाहण्यास वेळ दिला होता का? नाही, रात्री अकराला पट्ट्या हातात दिल्या आणि सकाळी सहाला यंत्र हवे म्हणून सांगितले. पट्टी हाताळताना अंगातील स्थिर वीज चिपला मारू नये म्हणून मनगटाला बांधावयाचा, जमिनीला जोडलेला पट्टा असतो. तो कचेरीने दिला होता का? कधीच नाही. पट्टी बाजारातूनच खराब आली की त्या रात्री हातात खराब झाली, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हते. पण दोन्हीपैकी काहीही झाले असले तरी त्याचा जाब त्या मुलाने देण्याचे कारण नव्हते. या मुद्द्यावर अडकलेला पगार मिळाला. नोकरी परत मिळाली नाही. तो आता दुसरीकडे चांगल्या कामावर आहे; परंतु आमच्या हिशेबात ती लढाई अर्धीच जिंकलेली आहे.

तेव्हापासून आम्ही आमच्या मुलांना दरवाज्यावरच्या घोषणांपेक्षा एक छोटी वही ठेवावयास सांगतो. कोणत्या यंत्रात कोणत्या तारखेस कोणती पट्टी बसविली. ती कोणी निवडली. किती वेळ चालवून पाहिली. आणि जुनी पट्टी कोठे ठेवली. जुनी पट्टी फेकावयाची नाही. तंटा झाला तर ती परत बसवून पाहता येते, आणि मूळ कंपनीशी बोलावयाचे झाले तरी ती उपयोगी पडते. निवड ज्याने केली त्याची सही त्या ओळीपुढे घ्यावयाची. सही मागितली की पुष्कळ साहेबांना तपासणीसाठी वेळ देणे एकाएकी सुचते, असा आमचा अनुभव आहे.

विकत घेतलेले यंत्र उघडण्याचा, त्यात योग्य मापाचा कोणाचाही भाग बसविण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे, असे आम्ही मानतो. १९३६च्या निकालापासून ते आपल्या स्पर्धा आयोगापर्यंतचा इतिहास याच बाजूला झुकत आला आहे, आणि १९७८ साली आपल्या देशाने तो अनुभव स्वतः घेतला आहे. पण काटकसरीचा लाभ वरच्या मजल्यावर आणि जोखीम खालच्या मजल्यावर, अशी वाटणी होऊ लागली तर तो हक्क गिऱ्हाइकाचा राहील आणि त्याची किंमत कामगार भरील. वडिलांच्या गिरणीत बदली चक्र मोडले तर फिटरची मान धरण्याआधी चक्र कोणी ओतले हे विचारले जाई. आजच्या काचेच्या इमारतींतही तेवढे विचारले जावे.

आजच्या सभेस त्या इमारतींत काम करणारी काही मुले आली आहेत. त्यांची रात्रपाळी दहाला सुरू होते, म्हणून आम्ही येथेच थांबतो.